ग्रहण सुटलं, मिथायलेशन लागलं

पत्र, थोडक्यात: सोलापुरातल्या 26 वर्षांच्या एका आईचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. यंदा संक्रांतीच्या आठवड्यात, गड्डा यात्रेची गर्दी भरात असताना, त्यांना पूर्ण दिवसांची मुलगी झाली. ओठ नीट, चेहरा नीट. पण पहिल्यांदा पाजलं तेव्हा दूध नाकातून आलं. सिस्टरने टॉर्च मारून पाहिलं, तर टाळूला मागच्या बाजूने फट. पती टॉवेलच्या कारखान्यात आहेत आणि ते त्यांच्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव, म्हणजे आत्या हीच सासू. आत्यांचं म्हणणं असं की 7 सप्टेंबरच्या ग्रहणात सुनेने कांदा चिरला म्हणून हे झालं. बी.एस्सी. झालेल्या दिरांनी हे हसण्यावारी नेलं आणि मोबाइलवर एक लेख पाठवला: आईच्या आहारामुळे बाळाच्या डीएनएचं मिथायलेशन बिघडतं आणि टाळू दुभंगते. या बाईंना दिवस गेल्याचं अडीच महिन्यांनी कळलं. फॉलिक ॲसिडची गोळी तेव्हा सुरू झाली, त्यातली निम्मी उलटीत गेली. त्या लिहितात, "म्हणजे आत्या बरोबरच होत्या, फक्त कारण वेगळं." एका खासगी लॅबचा माणूस बाळाची 'एपिजेनेटिक टेस्ट', म्हणजे मिथायलेशन मोजायची तपासणी, करून घ्या म्हणतोय, खर्च दोन महिन्यांच्या पगाराएवढा. टेस्ट करावी का, गोळ्यांनी मिथायलेशन सुधारेपर्यंत ऑपरेशन थांबवावं का, आणि दुसऱ्या मुलाचा विचार करावा की नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. बारसं अजून झालेलं नाही.

---

आधी गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढा.

7 सप्टेंबर 2025, रविवार, भाद्रपद पौर्णिमा. रात्री दहाच्या सुमाराला ग्रहण लागलं, दीडच्या आत सुटलं. तुम्ही संक्रांतीला बाळंत झालात, म्हणजे त्या रात्री तुम्हाला पाचवा महिना होता. बाळाची टाळू गर्भ राहिल्यानंतर सहाव्या आठवड्याच्या आसपास घडायला लागते आणि बाराव्या आठवड्यापर्यंत सांधून होते. तुमच्या बाबतीत हे काम जूनमध्ये सुरू होऊन जुलैच्या मध्यापर्यंत उरकलं होतं. रात्री पाळीवरून घरी आलेल्या माणसाला तुम्ही कांदा चिरून दिलात, तेव्हा ती फट दीड महिन्याहून जुनी होती. आत्यांना सूर्य-चंद्र-पृथ्वी समजावत बसू नका. तारीख सांगा. विज्ञान न मानणारी माणसंसुद्धा तिथी मानतात.

दिरांचा लेख मात्र असा एका वाक्यात निकालात निघत नाही, कारण त्यात तथ्य आहे. अर्धवट तथ्य आहे, आणि आयांना तेच जास्त छळतं. म्हणून तुमच्या तीन प्रश्नांआधी मिथायलेशनचं बघू.

तुम्ही सोलापूरच्या, त्यामुळे माझं काम सोपं आहे. चादरीच्या मागावर वर जकार्ड असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. जिथे भोक तिथला उभा धागा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला खाली राहतो, आणि त्यातून चादरीवर मोर उमटतो. डीएनए म्हणजे ही कार्डं. आता समजा, कुणी एखाद्या भोकावर कागदाचा चिटोरा डकवला. कार्ड बदललेलं नाही, भोक बुजलेलं नाही, पण तो धागा उचलला जाणार नाही. मिथायलेशन म्हणजे असा चिटोरा. डीएनएच्या ठरावीक जागी मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटतो आणि बऱ्याचदा तिथलं जनुक गप्प बसतं. तो डकवायला पेशीकडे स्वतःची प्रथिनं असतात, काढायलाही असतात.

लेखात बहुधा नसेल अशी गोष्ट सांगते. असे चिटोरे तुमच्या, माझ्या, दिरांच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत लाखोंनी आहेत आणि ते असायलाच हवेत. कातड्याची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्याकडे कार्डं सारखीच असतात. कुठली भोकं झाकली, कुठली उघडी ठेवली, यानेच एक कातडं होते आणि दुसरी मेंदू. मिथायलेशन हा रोग नाही. ते 'झालं' म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी झालं तर बिघडू शकतं.

आणि टाळूच्या बाबतीत वेळेला फार किंमत आहे. सातव्या आठवड्यात बाळाच्या तोंडात जिभेच्या दोन बाजूंना दोन झडपा खाली लोंबत असतात. मग जबडा वाढतो, जीभ खाली बसते, झडपा वर उचलल्या जाऊन आडव्या होतात, मधोमध एकमेकींना टेकतात आणि मधलं पातळ अस्तर विरून दोन्ही एकजीव होतात. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा साधारण आठवडाभर उशिरा होतं. ओठ नीट पण टाळू दुभंगलेली, असं मुलींमध्ये जास्त दिसतं, त्याचं एक कारण हा उशीर असावा असं मानतात. ती झडप उचलायला आणि अस्तर विरवायला कितीतरी जनुकं एकापाठोपाठ एक चालू-बंद व्हावी लागतात. त्यातलं टीजीएफबी3 हे एकच जनुक काढून टाकलं तर उंदराची पिल्लं टाळू फाटलेलीच जन्मतात, हे 1995 साली दिसलं. शिवाय नुसता योगायोगही असतो. जीभ खाली बसायला थोडा उशीर झाला आणि तेवढ्यात चेहरा रुंदावला, तर झडपा पोचत नाहीत. या उशिराला दरवेळी जबाबदार माणूस सापडतोच असं नाही.

मग मिथायलेशनचा संबंध शास्त्रज्ञांनी कुठून जोडला? एकसारख्या जुळ्यांवरून. ओठ-टाळू दुभंगलेल्या जुळ्यांपैकी एकाला फट असेल, तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. कार्डं तीच, आई तीच, गर्भाशय तेच, जेवण तेच, तरी निम्म्या वेळा एकाची टाळू सांधली आणि दुसऱ्याची नाही. आईच्या ताटावर बोट ठेवणाऱ्या कुणालाही आधी या जुळ्यांचं उत्तर द्यावं लागेल. तर कार्डांवरचे चिटोरे वेगळे असतील का, असा शोध सुरू झाला. 2017 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी अशी घराणी पाहिली, ज्यांत सीडीएच1 या जनुकातला एकच दोष अनेकांकडे होता, पण फट काहींनाच होती. ज्यांना फट होती त्यांच्यात त्या जनुकावर मिथाइल जास्त आढळलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या एका अभ्यासात फक्त ओठ, फक्त टाळू आणि दोन्ही दुभंगलेल्या मुलांच्या मिथायलेशनचे नमुने वेगवेगळे निघाले. चांगलं काम आहे. यातून कदाचित पुढे उपायही निघतील.

पण "दोघांचा संबंध दिसतो" इथून "तुझ्यामुळे झालं" इथवर यायला मधे जी उडी लागते, ती दिरांनी मारली आहे, संशोधकांनी नाही. हे नमुने जन्मानंतर, रक्तातून, लाळेतून किंवा ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या तुकड्यातून घेतलेले. सातव्या-आठव्या आठवड्यात त्या झडपेत काय चाललं होतं, ते कुणी पाहिलेलं नाही, पाहता येतही नाही. मिथायलेशन बदललं म्हणून फट पडली, की दोन्ही तिसऱ्याच कशामुळे झालं, हे त्यातून ठरत नाही.

आता आहार. पेशी मिथाइलचा गट जिथून आणते त्या साखळीत फोलेट आणि बी12 या दोन जीवनसत्त्वांचं काम आहे, हे खरं. 2003 मध्ये गाभण उंदरिणींना फॉलिक ॲसिड, बी12 वगैरे जास्त घातलं, तर पिवळ्या रंगाची व्हायची ती पिल्लं तपकिरी झाली. तो उंदीर तेव्हापासून अशा प्रत्येक लेखात धावतोय, तुमच्या दिरांच्या लेखातही असेल. पण तो प्रयोग केसांच्या रंगाचा होता, उंदरांच्या एका खास जातीत. माणसांमध्ये फॉलिक ॲसिडने मेंदू आणि मणक्याचे जन्मदोष कमी होतात, हे 1991 च्या चाचणीपासून पक्कं आहे. ओठ आणि टाळूबाबत मात्र पुरावा उलटसुलट आहे. काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत दिसत नाही. गोळी रोज वेळेवर घेतलेल्या बायकांनाही दुभंगलेल्या टाळूची बाळं होतात. गोळी न घेतलेल्या बहुतेकींना होत नाहीत. जगात साधारण 700 बाळांमागे एकाचे ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. दिवस गेल्याचं अडीच महिन्यांनी कळणाऱ्या बायका आपल्याकडे किती आहेत, ते तुम्हीच तुमच्या गल्लीत मोजा.

मी स्वतः यात शुद्ध नाही. वाचेच्या उपचारांचं काम सुरू केलं तेव्हा आमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना होता, 'आईने गरोदरपणी घेतलेली औषधं व आहार'. मी तो इमानदारीने भरायची. एकदा एका बाईने उत्तर द्यायच्या ऐवजी पदर तोंडात धरला आणि बाळाला घेऊन उठून गेली, परत आली नाही. त्यानंतर तो प्रश्न मी शेवटी न्यायला लागले. आणि बापालाही विचारायला लागले. निम्मी कार्डं त्यांच्याकडूनच येतात की.

बापांवरून तंबाखू. आईची सिगारेट, विडी हा दुभंगलेल्या टाळूचा माहीत असलेला धोका आहे, आणि तिच्या आसपासच्या धुराकडेही अभ्यासांनी बोट दाखवलं आहे. घरात कुणी विडी ओढत असेल तर ती उंबऱ्याबाहेर जाऊ दे. मिश्रीही तंबाखूच. तुम्ही घेत नाही असं लिहिलंय, म्हणून एवढंच.

आता टेस्ट. करू नका. बाळाच्या लाळेतलं आजचं मिथायलेशन मोजून टाळू का दुभंगली ते कळणार नाही, आणि कळलं तरी उपचार बदलणार नाही. त्या माणसाला एवढंच विचारा, "रिपोर्ट आल्यावर डॉक्टर वेगळं काय करतील?" उत्तराची वाट बघा.

मात्र याच पैशात, किंवा त्याहून कमीत, काही तपासण्या खरंच करायला हव्यात. नुसती टाळू दुभंगलेल्या बाळांमध्ये सोबत दुसरं काही असण्याची शक्यता ओठ दुभंगलेल्यांपेक्षा जास्त असते. बालरोगतज्ज्ञांना सांगा, हृदयाची टूडी इको हवी का ते बघा. हनुवटी फार लहान आहे का, झोपेत श्वास अडखळतो का? खालच्या ओठावर दोन बारीक खळगे आहेत का? ते असले तर आयआरएफ6 या जनुकाचा, घराण्यात चालत येणारा प्रकार असू शकतो. तेव्हा तुमच्या, पतींच्या आणि आत्यांच्याही ओठांकडे एकदा नीट बघा. डोळे तपासा. ऐकू येतंय का ते तर तपासाच, आणि एकदा नव्हे, दर काही महिन्यांनी, कारण अशा मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं. डॉक्टरांना शंका आली तर ते जनुकीय तपासणी लिहून देतील. ती कार्डांची तपासणी, चिटोऱ्यांची नव्हे. लॅबवाला दोन्हीची सरमिसळ करेल, तुम्ही करू नका.

ऑपरेशन थांबवायचं का? हा तुमच्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा प्रश्न आहे, म्हणून स्पष्ट सांगते. नाही. फॉलिक ॲसिडने, बी12 ने, कशानेही ती फट आता मिटणार नाही. सांधायची वेळ जुलैत गेली. आता सांधणार सर्जनचा टाका. (आत्यांनी टाळूवर तेल थापणं वाढवलंय असं तुम्ही लिहिलंय, ती डोक्याची टाळू. मराठीने दोन्हीला एकच शब्द दिला, त्याला आत्या काय करणार? तेलाने नुकसान नाही, चालू दे.) टाळूचं ऑपरेशन साधारण 9 ते 12 महिन्यांच्या दरम्यान करतात, काही सर्जन 18 महिन्यांपर्यंत नेतात. घाई असते ती बोलण्यासाठी. फट तशीच राहिली तर तोंडातली हवा नाकातून निसटते. 'प', 'ब', 'ट' यांना हवा कोंडावी लागते, ती कोंडली जात नाही. 'म' आणि 'न' मात्र नाकातलेच, ते छान येतात. माझ्याकडे आलेली एक पोर बापाकडे बोट दाखवून "मामा, मामा" म्हणायची. घरचे हसायचे, मामा खूश. तिला बाबाच म्हणायचं होतं. ऑपरेशन उशिरा झालं की जीभ चुकीच्या सवयी लावून घेते, आणि त्या मोडायला वर्षं जातात.

म्हणजे आजपासून ऑपरेशनपर्यंत तुमचं काम एकच, वजन वाढवणं. हिमोग्लोबिन आणि वजन नीट असेल तरच भूल देतात. अशा बाळाला ओढून पिता येत नाही, कारण फटीमुळे तोंडात ओढ तयारच होत नाही. दूध कमी म्हणून किंवा तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे. दूध काढा आणि बोंडल्याने किंवा चमच्याने पाजा, नाहीतर दाबता येईल अशा मऊ बाटलीने. बाळाला आडवं करू नका, जवळजवळ बसतं धरा. थोडं पाजलं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा. एका वेळेला अर्ध्या तासाच्या वर ओढाताण नको, तिची कमावलेली ताकद पिण्यातच संपते. थोडं दूध नाकातून येणारच, घाबरू नका. पण पिताना निळी पडली, ठसका थांबेना किंवा दोन आठवडे वजन हललं नाही, तर लगेच दवाखाना.

पैशांची काळजी पत्रात दोन ओळींत दडवली आहे, ती मला दिसली. सिव्हिलला जाऊन राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. 2013 पासूनच्या या सरकारी कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या यादीत आहेत. तुमच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारलंत तरी त्या योग्य टेबलापर्यंत पोचवतील. स्माइल ट्रेन ही संस्थाही देशभरातल्या रुग्णालयांत ही ऑपरेशनं मोफत करवून देते. जिथे कराल तिथे एक विचारा: ऑपरेशननंतर स्पीच थेरपी कोण करणार? टाका घातला आणि सोडून दिलं, असं नको.

दुसरं मूल. एक बाळ असं असेल आणि बाकी काही निघालं नाही, तर पुढच्याला तेच होण्याची शक्यता साधारण शंभरात 2 ते 4. म्हणजे शंभरातल्या 95 हून जास्त बाळांना नाही. पण तुमच्या बाबतीत हा आकडा मी जसाच्या तसा हातात देणार नाही, कारण तुमचं लग्न आत्याच्या मुलाशी आहे. आते-मामे भावंडांच्या कार्डांचा साधारण आठवा हिस्सा सारखा असतो. दोघांकडे एकच लपलेला दोष असला तर तो बाळात जोडीने उतरतो. आपल्या भागात अशी लग्नं घरोघरी आहेत आणि त्यांतली बहुतेक मुलं धडधाकट असतात. तरी दुसऱ्याचा विचार करण्याआधी एकदा जनुकीय समुपदेशन घ्या. पुण्यात ते मिळतं.

आणि आता आत्यांबद्दल जपून बोलते. त्यांनी ग्रहण इतकं घट्ट का धरलं असेल? हे लग्न कुणी जमवलं होतं? "भावाची लेक घरात येऊ दे" असं कुणी म्हटलं होतं? माझा अंदाज चूक असेल, पण काही आयांना कांदा बरा वाटतो, कारण कांदा नसेल तर मग बोट स्वतःकडे वळतं. ही काठी आता त्यांच्यावर उगारू नका. नात्यातलं लग्न हाही फक्त धोक्याचा एक धागा आहे, निकाल नव्हे. समुपदेशनाला त्यांनाही सोबत न्या. घराण्यात पूर्वी कुणी नाकात बोलायचं का, कुणाची बाळं तान्ही असतानाच गेली का, हे आठवेल ते त्यांनाच.

पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधी दोन-तीन महिन्यांपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्या, आरोग्य केंद्रात मिळतं. मणक्यासाठी त्याचा फायदा नक्की आहे, टाळूसाठी झाला तर झाला. जास्त म्हणजे चांगलं, असं मात्र नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायकांचा दीर्घ अभ्यास आहे. त्यात बी12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं, हे 2008 मध्ये छापून आलं. तुम्ही शाकाहारी आहात, तेव्हा बी12 तपासा. फिट्स, मुरुमं, सांधे यांची काही औषधं टाळूला घातक असतात. तसली काही चालू असतील तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांना दाखवा, आणि फिट्सची गोळी स्वतःहून बंद करू नका.

राहिलं बारसं. "ऑपरेशन झाल्यावर, तोंड नीट झाल्यावर करू" असं घरात ठरलंय. तोंड बाहेरून नीटच आहे, तुम्हीच लिहिलंय. आणि ऑपरेशनला अजून सहा महिने तरी आहेत. वजनाच्या कार्डावर, इकोच्या चिठ्ठीवर, सिव्हिलच्या केसपेपरवर सगळीकडे तुमचं नाव आणि पुढे नुसतं 'बेबी' लिहून येत राहील. येत्या रविवारी चार बायका बोलवा, पाळणा बांधा. आत्या म्हणजे बापाची बहीण, कानात नाव सांगायचा मान तिचा. तुमच्या पतींना बहीण नसेल, तर तो मान या आत्यांनाच द्या.